बघायला आलेल्या गाड्या

आमच्या घरात चारचाकी आली ती सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं आमच्या ह्यांनी त्या खरेदीचा जो काही शास्त्रशुद्ध अभ्यास मांडला, त्यात गुडघे राहिले बाजूला आणि ॲव्हरेज तेवढं उरलं.

तेव्हा आम्ही बिबवेवाडीत एका सोसायटीत तळमजल्यावर राहत होतो. मोबाईल नुकते स्वस्त झाले होते, पण आमच्याकडे अजून हॉलमधल्या फोनवरच सगळा कारभार चालायचा. मी शाळेत गणित शिकवायची, हे एका सरकारी खात्यात नकाशे काढायचे. ह्यांची स्कूटर, माझी मोपेड, आणि घरात सासूबाई. शुक्रवार पेठेत चाळीस वर्षं काढलेल्या, रोज पायी मंडई करणाऱ्या आणि तिथल्या भाजीवाल्यांना तोंडाच्या पट्ट्यानं जेरीस आणणाऱ्या. बिबवेवाडीला राहायला आल्यावरही त्या बसनं मंडईत जायच्या. कोपऱ्यावर भाजीवाला होता, पण त्याच्या मेथीकडे त्या बघायच्यासुद्धा नाहीत.

मग गुडघे गेले. आधी बस सुटली, मग रिक्षा सुटली, कारण ती पायरीच चढवेना. स्कूटरवर मागं बसण्याचं नावच नको. टुरिस्टची गाडी मागवू म्हटलं तर म्हणाल्या, "चार तासांची गाडी ठरवून मी कोथिंबीर आणायला जाऊ? संस्थानिक आहे का मी?" झालं. दोन वर्षं दवाखाना सोडला तर बाई फाटकाबाहेर पडल्या नाहीत. त्यांच्या खोलीची खिडकी पार्किंगवर उघडायची. तिथं खुर्ची टाकून बसायच्या आणि कोण किती वाजता आलं, कोण कुणाबरोबर गेलं, याची हजेरी घ्यायच्या.

रडगाणं गाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण एका रविवारी जेवता जेवता ताटाकडे बघत म्हणाल्या, "त्या खिडकीतलं सगळं मला पाठ झालंय. आता मेल्यावरच बाहेर काढणार असाल तर तसं सांगा, म्हणजे मी वाट बघायची थांबते."

ह्यांचा घास हातातच राहिला. संध्याकाळी ह्यांनी जाहीर केलं, की आपण छोटी गाडी घ्यायची. आईला बाहेर नेता आलं पाहिजे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण दुसऱ्याच दिवशी हे ऑफिसातून मोठा कागद घेऊन आले, त्यावर टोकदार पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि तक्ता आखला. आडव्या ओळीत गाड्या, उभ्या रकान्यांत ॲव्हरेज, डिकी, वळायला लागणारी जागा, सुटे भाग कुठं मिळतात, नवी का सेकंडहँड. प्रत्येक रकान्याला गुण. आमच्या पार्किंगची जागा ह्यांनी टेपनं तीनदा मोजली. गाडी असलेल्या झाडून साऱ्या ओळखीच्यांना फोन करून "खरं ॲव्हरेज किती देते?" असं विचारलं आणि प्रत्येकानं सांगितलेल्या आकड्यातून स्वतःच्या अंदाजानं थोडं वजा केलं. "लोक गाडीच्या ॲव्हरेजबद्दल आणि मुलाच्या मार्कांबद्दल खरं बोलत नाहीत," हे त्यांचं मत. मी मास्तरीण असल्यामुळे गप्प बसले.

गाड्या विकणाऱ्यांची एक चांगली सोय होती. फोन केला की ते गाडी घरी आणून दाखवायचे आणि स्वतः चालवून एक चक्कर मारून आणायचे. शनिवारी ह्यांना सुट्टी, माझी शाळा सकाळची. म्हणून शनिवार दुपार ठरली.

पहिल्या शनिवारी आली ती कोरी करकरीत लाल गाडी. बरोबर टाय लावलेले एक गृहस्थ. त्यांनी पॉवर स्टिअरिंग, सेंट्रल लॉकिंग, कपहोल्डर असं सगळं सुरू केलं. सासूबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "मला आधी बसून बघू दे. आणि तुम्ही जरा पलीकडे बघा." कारण बसणं म्हणजे एक प्रकरणच होतं. आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, मग मी त्यांचे दोन्ही पाय उचलून आत ठेवायचे. चारचौघांत सुनेनं पाय उचललेलं त्यांना अजिबात आवडायचं नाही. बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मंडईपर्यंत न्या. गर्दीत कशी चालते ते बघितलंच पाहिजे."

हे खूश झाले. मुद्दा बिनतोड होता. आम्ही मंडईत गेलो. गाडी लावायला जागा कुठली मिळायला? टायवाले गृहस्थ एका कडेला इंजिन चालू ठेवून बसले आणि सासूबाईंनी मला वाटाणा आणायला पिटाळलं. मी आणला. त्यांनी काचेतून दोन शेंगा सोलून बघितल्या, म्हणाल्या, "पोचट आहे, परत कर," आणि मला पुन्हा धाडलं. तासाभरानं आम्ही वाटाणा, मेथी, आवळे आणि सुरण घेऊन परतलो. बाईंचा चेहरा असा खुलला होता, की तसा मी दोन वर्षांत बघितला नव्हता. घरी उतरल्यावर ह्यांनी विचारलं, "आई, कशी वाटली गाडी?"

"सीट बसकं आहे," सासूबाई म्हणाल्या. "दुसरी बघा."

दुसऱ्या शनिवारी दुसरी कंपनी. "चढावर दम लागतो का बघू," म्हणून तळजाईची टेकडी. वर गाडी थांबवून त्यांनी अर्धा तास वारा खाल्ला. निकाल : काच खाली करायचं हँडल कडक आहे. तिसऱ्या शनिवारी, "अरुंद बोळातून वळते का बघू," म्हणून थेट नारायण पेठ. त्या बोळात योगायोगानं त्यांची शाळेपासूनची मैत्रीण राहायची. ती खाली आली, दारातून आत वाकली आणि दोघींनी चाळीस मिनिटं गप्पा मारल्या. मागं चार स्कूटरवाले भोंगे वाजवत होते. निकाल : दार लावताना आवाज येतो. ह्यांनी प्रत्येक वेळी तक्त्यात इमानेइतबारे नोंद केली आणि त्या गाडीवर फुली मारली.

पाचवा शनिवार झाला तेव्हा मला त्याचा उबग आला होता. शाळेतून यायचं, धावतपळत जेवायचं, पाय उचलायचे, कुठं कुठं हिंडायचं आणि संध्याकाळी तोच प्रश्न, तीच फुली. एका बाईंच्या नाकाखालून एक तरी गाडी जाईल का, असं मी ह्यांना तडकून विचारलंसुद्धा. हे म्हणाले, "अगं, तिला बसायचंय, तिचं बरोबरच आहे. गडबड करून कसं चालेल?"

त्याच आठवड्यात शाळेत कसलीशी सभा होती, म्हणून आम्हांला लवकर सोडलं. मी दार उघडून आत आले, तर सासूबाई हॉलमध्ये फोनवर. नारायण पेठेतल्या मैत्रिणीला कमी ऐकू यायचं, त्यामुळे या इकडून ओरडून बोलत होत्या. पाठ माझ्याकडे.

"अगं, या शनिवारी पर्वतीच्या पायथ्याशी जाणार आहे! हो, गाडी वेगळी! त्याच्या पुढच्या शनिवारी तुझ्याकडे येते पुन्हा, लोणचं काढून ठेव! ... नाही गं, घ्यायची कुठली घाई? चांगल्या होत्या की, एक सोडून सगळ्या चांगल्या होत्या. पण एकदा घेतली की संपलं ना! मग घालतील कव्हर आणि ठेवतील!"

माझं डोकंच फिरलं. पाच शनिवार! माझ्या पेपर तपासण्याच्या गठ्ठ्यांचे पाच शनिवार, आणि या बाई टायवाल्यांना टांग्यासारखं वापरतायत! फोन ठेवला तशी मी समोर जाऊन उभी राहिले. "आई, हे काय चाललंय?"

त्या जराही दचकल्या नाहीत. "काय चाललंय? गाडी बघायला बोलावली आहे ना? मी बघतेच आहे."

"म्हणजे सीट बसकं नव्हतं?"

"होतं थोडं. चाललं असतं."

"मग हा सगळा तमाशा कशासाठी? तुमच्याचसाठी गाडी घेतोय ना आम्ही?"

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग "इकडे ये," म्हणाल्या आणि भिंतीचा आधार घेत घेत मला त्यांच्या खोलीच्या खिडकीशी घेऊन गेल्या. बाहेर पार्किंगमध्ये चार गाड्या उभ्या होत्या. चारही कव्हराखाली.

"ही पहिल्या मजल्यावरच्यांची. दसऱ्याला धुतात, हार घालतात, पेढे वाटतात, की पुन्हा कव्हर. ही त्या प्रोफेसरांची. घेतली तेव्हा बायकोला घेऊन रोज फिरायला जाणार होते. बायको अजून बसनं जाते. पेट्रोल जळतं, ओरखडा पडतो, जागा जाते. दोन वर्षं बघतेय मी इथं बसून. आणि माझा मुलगा काही वेगळ्या मातीचा नाही. पार्किंग तीनदा मोजणारा माणूस आहे तो. गाडी उभी कशी राहील तेच बघतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्याला स्कूटर बरी. तुझे शनिवारी पेपर. मला नेणार कोण? बघायला आलेली गाडी मला नेते गं. घेतलेली नेईल का, ते मला माहीत नाही."

"आम्ही नेऊ की," असं तोंडावर आलं होतं, पण ते खोटं ठरलं असतं हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. कुकर लावता लावता एक गोष्ट मात्र पक्की झाली. आपण सगळे चुकीचं बघत होतो. गाडी किती पळते, किती पिते, हे सगळं बघून झालं होतं. चालवणार कोण, हा रकानाच तक्त्यात नव्हता.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, "गाडी मी चालवणार."

"तू?" हे म्हणाले. बस, एवढंच. पण त्या एका शब्दात काय नव्हतं!

"मी. आणि नवी नको. नवीला ओरखडा पडेल म्हणून मी घाबरेन, तुम्ही झोपणार नाही आणि ती कव्हराखाली जाईल. मला आधीच ओरखडलेली हवी."

ह्यांनी तक्ता उघडला. नव्या गाडीला किती गुण, सेकंडहँडला किती, हे मला समजावून सांगायला लागले. मी म्हटलं, "अहो, पंचवीस वर्षं मी मुलांना गुण देतेय. पहिला आलेला मुलगाच दरवेळी कामाचा निघतो असं नाही." मग आईंचं खिडकीतलं बोलणं सांगितलं. ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग तक्त्याची घडी घातली आणि म्हणाले, "आई असं म्हणाली?" मला त्यांची दया आली. माणूस वाईट नाही हो, फक्त मोजतो फार.

ती गाडी मिळाली ती ह्यांच्या ऑफिसातल्या शिपायाच्या ओळखीनं. मांजरी गावच्या एका शेतकऱ्याची होती. त्यांची थोडी जमीन बिल्डरकडे गेली होती आणि दारात मोठी जीप आली होती, म्हणून ही छोटी काढायची होती. मालक स्वतः गाडी घेऊन शनिवारी आमच्याकडे आले. पांढरा लेंगा, टोपी, धिप्पाड गडी. गाडी पांढरी होती असं समजायचं. डाव्या बाजूला उसाच्या ट्रॉलीनं ओढलेला हातभर ओरखडा, मागच्या सीटवर कडब्याचा भुगा आणि दुधाच्या किटल्यांनी पडलेले गोल डाग. ह्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि चष्मा पुसला.

"दिसायला वंगाळ हाय," मालकच म्हणाले, "पन इंजिन ठणठणीत. कुणालाबी दाखवा."

"ॲव्हरेज काय देते?" ह्यांना राहवेना.

"ते काय मोजलं न्हाई बा. पेट्रोल टाकलं की चालती."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेवढ्यात सासूबाई आल्या. सवयीप्रमाणे मी पाय उचलायला पुढं वाकले. पण त्या पाठमोऱ्या टेकल्या आणि काय झालं कोण जाणे, एक पाय आत, दुसरा पाय आत, आपले आपण. मी वाकलेलीच राहिले. त्यांनाही कळेना. त्यांनी हातानं सीट चाचपून बघितलं.

"ते उंच करून घेतलंय खालनं," मालक म्हणाले. "लोखंडी पट्टी घालून. आमच्या आईचं गुडघं गेलं होतं. चार वर्सं ह्याच गाडीतनं फिरवली तिला, जेजुरी म्हनू नका, आळंदी म्हनू नका. आता ती न्हाई." मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "कुठं जायाचं आजी? म्हनाल तिथं नेतो."

सासूबाईंनी त्या शनिवारसाठी पर्वती ठरवली होती, हे मला ठाऊक होतं. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी चला. गाडी कुठल्या घरातली आहे ते बघू दे."

आम्ही मांजरीला गेलो. रस्त्याला एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला नव्या इमारतींचे सांगाडे. मालकिणीनं ओसरीवर खुर्ची टाकली, चहा दिला, सासूबाईंच्या पदरात गूळ आणि शेंगदाणे घातले. भिंतीवर त्यांच्या सासूचा फोटो होता, हार घातलेला. सासूबाई त्या फोटोकडे बघत मालकिणीला एकच प्रश्न विचारून बसल्या, "कोण न्यायचं हो त्यांना?"

"कोन म्हंजे? ज्याला यळ असंल त्यो," मालकीण म्हणाली. "किल्ली खुंटीला असती."

परत येताना सासूबाई काचेतून ऊस बघत बसल्या. घरी उतरल्या तशी मी वाट बघत उभी राहिले, की आता काय खोट निघते. त्यांनी त्या ओरखड्यावरून हात फिरवला. "तू चालवणार म्हणतेस?" मला विचारलं. मी हो म्हटलं. "मग घ्या," म्हणाल्या.

मी शेचाळीस वर्षांची होते. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये माझ्याबरोबर शिकणारे सगळे माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे, आणि शिकवणारे गृहस्थ मला सारखे "बाई, क्लच! बाई, क्लच!" म्हणायचे. रडकुंडीला आले मी. सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला गाडी दोनदा घासली. ह्यांनी दोन्ही वेळा मान दुसरीकडे फिरवली, हे त्यांचं माझ्यावरचं प्रेम समजायचं. तिसऱ्या महिन्यात मी सासूबाईंना घेऊन मंडईला निघाले आणि स्वारगेटच्या चौकात, ऐन सिग्नलला गाडी बंद पडली. चालूच होईना. मी किल्ली फिरवत राहिले. मागून एक रिक्षावाले ओरडले, "बाई, रस्ता विकत घेतलाय का?"

सासूबाईंनी काच खाली केली, मान बाहेर काढली. "नाही हो, भाड्यानं घेतलाय. तुम्हांला पोटभाडेकरू म्हणून राहायचंय का?" मग आत वळून मला म्हणाल्या, "तू सावकाश कर. मला कुठं घाई आहे?" आणि गाडी चालू झाली.

मग दर शनिवारी आम्ही दोघी जायला लागलो. पेपर मी शुक्रवारी संपवायची. त्या आदल्या दिवसापासून तयार. काय नेसायचं, कुठं थांबायचं, कुणाला फोन करायचा, सगळं ठरलेलं. एकदा आकाश भरून आलं होतं तरी ऐकलं नाही. एकदा दाढ ठणकत होती, गाल टम्म सुजलेला, तरी लवंग धरून बसल्या माझ्या शेजारी. मी म्हणायची, आई, पुढच्या शनिवारी जाऊ. त्या म्हणायच्या, "पुढचं कुणी बघितलंय? चल तू." मला त्याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. गाडी दारात येऊन सहा महिने झाले तरी बाईंना खात्री नव्हती. प्रत्येक शनिवार शेवटचा असल्यासारख्या त्या निघायच्या.

मग एका शनिवारी मी शाळेतून आले, जेवले, कपडे बदलले, किल्ली घेतली आणि त्यांच्या खोलीत गेले. त्या पलंगावर पेपर वाचत पडल्या होत्या. घरातलंच पातळ नेसून. केस विंचरलेले नाहीत.

"आई, चला. कुठं जायचं आज?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आज नको गं. कंटाळा आलाय."

माझं तोंड उघडलं होतं. सकाळपासून मी धावतेय, काल रात्री जागून पेपर संपवलेत, आणि यांना कंटाळा! चांगलं फैलावर घ्यावं म्हणून मी शब्द जुळवत होते. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की या बाईंनी नको म्हटलंय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ते दिसू नये म्हणून मी उगाच पडदा सारखा करायला लागले.

"मग उद्या जायचं का?" मी विचारलं.

"उद्या जाऊ, नाहीतर परवा जाऊ," सासूबाई पान उलटत म्हणाल्या. "गाडी कुठं पळून चाललीय?"